किनारी गावांचा शाश्वतता निर्देशांक कसा बांधायचा: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून ‘पाणी’ या रकान्यात गावाला ९५ गुण, आणि त्याच गावात एप्रिल संपता संपता टँकरपुढे हंड्यांची रांग. असा तक्ता मी निदान चारपाच वेळा पाहिला आहे, कधी एमएस्सीच्या प्रकल्पात, कधी संस्थेच्या अहवालात. आकडे खरे असतात, सूत्रही बरोबर असतं. चुकतो तो क्रम. हाताला लागतील ते आकडे आधी गोळा होतात, मग सूत्र शोधलं जातं, आणि आपण मोजलं काय हा प्रश्न छपाईच्या आदल्या दिवशी पडतो.

खालचा क्रम रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या तालुक्यातली पंचवीस-चाळीस किनारी गावं डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. साधं एक्सेल पुरतं. पहिले तीन टप्पे मात्र वहीत करायचे, संगणक बंद ठेवून. आकडे समोर दिसले की माणूस नकळत आपल्या आवडत्या गावाच्या बाजूने नियम ठरवू लागतो.

## टप्पा १: प्रश्न आणि एकक ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: या निर्देशांकावरून कोण, कोणता निर्णय घेणार? ‘पुढच्या उन्हाळ्याआधी पाणलोटाची कामं कुठल्या पाच गावांत सुरू करायची’ हे वाक्य चालेल. ‘गावांची शाश्वतता समजून घेणं’ हे चालणार नाही. निर्णय सापडत नसेल तर निर्देशांक करूच नका. सूचकांचा, म्हणजे मोजलेल्या एकेका गोष्टीचा, साधा तक्ता छापा, तो जास्त उपयोगी पडेल.

मग एकक. जनगणनेचे आकडे महसुली गावाचे असतात, दप्तर ग्रामपंचायतीचं, मासळीची नोंद बंदराची आणि आरोग्याची नोंद उपकेंद्राची. या चारही सीमा एकमेकींवर बसत नाहीत. गट ग्रामपंचायत असेल तर एका दप्तरात तीन-चार महसुली गावं असतात. कुठलं एकक धरणार आणि बाकीचे आकडे त्यात कसे वाटणार, हे इथेच लिहून टाका.

कोकणात वाडीचा प्रश्न वेगळा. वरची वाडी सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या कडेला, जांभ्यावर. तिची विहीर मार्चमध्ये तळ दाखवते. खालची वाडी खाडीकाठी, तिची विहीर बारमाही, पण पाणी मचूळ. दोन्हींची सरासरी काढली तर जी विहीर हाती येते तिचं पाणी गावात कोणीच पीत नाही. म्हणून एकक ग्रामपंचायत ठेवलं तरी पाण्याच्या सूचकात सर्वांत वाईट वाडीचा आकडा धरावा, असं माझं मत. हा नियम गावाची यादी पाहण्याआधी लिहायचा, नंतर नाही.

तपासा: प्रत्येक गावापुढे वाड्यांची नावं लिहिता येतात का? येत नसतील तर अजून एक फेरी मारा.

## टप्पा २: चौकट आखा

अर्थव्यवस्था, समाज, पर्यावरण ही तीन खांबांची चौकट सगळीकडे वापरतात, पण किनाऱ्यावर ती ढिली पडते. मासेमारी कुठल्या खांबात घालायची यावरच अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा चार घटक घ्या: पाणी, समुद्र आणि खाडी, जमीन (भातखाचरं, बागायत, सडा) आणि माणसं.

कारभार हा पाचवा घटक अनेकजण घालतात. मी घालत नाही. ग्रामसभा किती झाल्या हे रजिस्टरवरून काढायचं, आणि रजिस्टरात त्या नेहमी व्हायला हव्यात तेवढ्याच झालेल्या असतात.

चौकट आखताना प्रयत्न आणि फळ यांत गल्लत करू नका. नळजोडण्या किती दिल्या हा प्रयत्न. मे महिन्यात त्या नळाला किती दिवस पाणी आलं हे फळ. गावाची स्थिती मोजायची असेल तर शक्यतो फळच घ्या. दोन्ही एकत्र घातली की नळ बसवलेलं कोरडं गाव पहिल्या पाचांत येतं.

## टप्पा ३: सूचक निवडा, प्रत्येकाला एक पान द्या

बारा ते सोळा सूचक पुरेत. केंद्राच्या पंचायत ॲडव्हान्समेंट इंडेक्सच्या पहिल्या आवृत्तीत नऊ विषय आणि चारशेहून अधिक सूचक होते, पण त्यामागे आकडे भरणारी देशभरची यंत्रणा आहे. तुमच्यामागे चार विद्यार्थी आणि एक दुचाकी. चाळीस सूचकांना समान वेटेज दिलं तर एकेकाच्या वाट्याला अडीच टक्के येतात आणि पिण्याचं पाणी ग्रंथालयाच्या पंक्तीला बसतं.

प्रत्येक सूचकाच्या पानावर सहा गोष्टी हव्यात: नाव, मोजमापाचं एकक, छेदात काय, कुठल्या महिन्यात मोजायचं, कोण मोजणार, आणि दिशा. आकडा वाढला तर चांगलं की वाईट, याचा ठसठशीत बाण काढा. किनाऱ्यावर हा बाण फसवतो, म्हणून चार जागा जरा सविस्तर सांगतो.

*विहिरीची पातळी.* भूजलाच्या नोंदीत जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली दिलेली असते. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल गेलं. माझ्या पहिल्याच तक्त्यात मी हा बाण उलटा काढला होता. सगळ्यात कोरडी वाडी पहिली आली आणि सादरीकरण सुरू असताना मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “सर, त्या वाडीत आम्ही पोरगी देत नाही, पाणी नाही म्हणून.”

*कांदळवन.* क्षेत्र वाढलं की चांगलं, असं डोळे झाकून धरू नका. खारबंदिस्ती (खारं पाणी अडवणारा बांध) फुटली किंवा तिची उघाडी (पाणी सोडायची झडप) सडली की भरतीचं पाणी भातखाचरात शिरतं, आणि चार-सहा वर्षांत तिथे तिवर, म्हणजे कांदळवनाचंच झाड, उभा राहतो. उपग्रहचित्रात तो हिरवाच दिसतो. म्हणून दोन वेगळे आकडे घ्या: बांधाच्या बाहेर, खाडीच्या चिखलात वाढलेलं कांदळवन, आणि बांधाच्या आत खाऱ्या पाण्याखाली गेलेलं खाचर. पहिल्याचा बाण वर, दुसऱ्याचा खाली. आणि तुलना करायची दोन्ही चित्रं ओहोटीचीच निवडा. एक भरतीचं, एक ओहोटीचं घेतलंत तर क्षेत्र कागदावर आपोआप वाढतं किंवा घटतं.

*स्त्री-पुरुष प्रमाण.* २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा समतेचा पुरावा नव्हे. घरातले पुरुष मुंबईला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समता मोजायची तर ० ते ६ वयोगटाचं प्रमाण घ्या. स्थलांतर मोजायचं तर बंद घरं मोजा.

*उतरलेली मासळी.* जास्त टन म्हणजे समुद्र सुखी, असं नाही. तो उपसला जात असेल. शिवाय एका गावच्या बोटी माल दुसऱ्याच बंदरात उतरवतात, तेव्हा बंदराचा आकडा गावाचा होत नाही. टनांऐवजी मेहनतीच्या हिशेबात मासळी धरा: दर १०० लिटर डिझेलमागे किती किलो. तुलना एकाच प्रकारच्या जाळ्यांत करायची. डोलवाला (एका जागी रोवलेलं जाळं) आणि ट्रॉलरवाला (बोटीमागे ओढलेलं जाळं) एका रकान्यात नकोत, आणि किनाऱ्यावरून हाताने ओढायच्या रापणीला तर डिझेलचं मापच लागू नाही.

मासळीचा आकार हा दुसरा चांगला सूचक, आणि तो मोजायला बंदरावरच जावं लागतं. लिलाव लागण्याआधी पाटीतली पन्नास पापलेटं फूटपट्टीवर ठेवून लांबी लिहा. पाटी हलवू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे, लिलावाच्या वेळी मासळी हाताळलेली कोणाला आवडत नाही. मग पाटी विकत घ्या. संध्याकाळची सोय होते.

सावधान: ‘माहिती सहज मिळते’ हे सूचक निवडण्याचं कारण होऊ शकत नाही. पाऊस सहज मिळतो, म्हणून तर तो प्रत्येक तक्त्यात शिरतो.

## टप्पा ४: मोजणी

महिना ठरवा आणि पाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठल्यावर ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांना मिळणारी मासळी वर्षभराचा नमुना म्हणून धरता येत नाही. मी नोव्हेंबर आणि जानेवारी धरतो. विहिरींसाठी मेचा दुसरा पंधरवडा. वळवाचा मोठा पाऊस झाला तर तसं नोंदीत लिहा.

विहीर कशी मोजायची. दोरीला दगड बांधा, मेटल टेप लावा, खाली सोडा. दोन आकडे घ्यायचे, पाण्यापर्यंतची खोली आणि तळापर्यंतची खोली. वजाबाकी म्हणजे उभं पाणी. सोपं वाटतं, पण एका उन्हाळ्यात आमच्या दोघा मुलांनी निम्म्या विहिरी कठड्यावरून मोजल्या आणि निम्म्या जमिनीपासून. कठडा अडीच फुटांचा, विहिरीत उभं पाणी दोन फूट. सुदैवाने तळाची खोली दोघांनी घेतली होती, म्हणून उभं पाणी बरोबर निघालं. पातळीचे आकडे मात्र सगळे फुकट गेले. मोजायची वेळही एक ठेवा, पहाटे, पाणी शेंदायला सुरुवात होण्याआधी. दुपारी मोजलं तर विहीर नाही, गावाची सकाळ मोजली जाते.

त्याच फेरीत बाटलीभर पाणी घ्या आणि क्लोराइड तपासून आणा. खाडीकाठी समुद्र आत सरकतोय का, ते इथे आधी कळतं.

छेद. कोकणात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दरडोई म्हणताना डोई किती? शिधापत्रिकेवर नाव आहे, मतदार यादीत आहे, पण माणूस विरारला. गणपतीत आणि मे महिन्यात गाव दुप्पट होतं, नारळी पौर्णिमेला वेगळं, जानेवारीत वेगळं. पाण्याचा ताण मोजायचा तर मे महिन्यात प्रत्यक्ष राहणारी माणसं छेदात घ्या, चाकरमान्यांसकट, कारण पाणी तेही पितात. शाळा किंवा दवाखाना मोजताना जानेवारीत चूल पेटणारी घरं घ्या. सूचकाप्रमाणे छेद बदलला तर बिघडत नाही. तो लिहिलेला नसेल तर बिघडतं.

आधारवर्ष. २०२०-२१ चुकूनही धरू नका. टाळेबंदी, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्याला धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ या सगळ्यांमुळे बागा आणि मासेमारी यांचे त्या काळातले आकडे तळाला गेले होते. त्यांच्याशी तुलना केली की पुढचं कुठलंही वर्ष प्रगतीचं दिसतं.

रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. आकडा मिळाला नाही तर ‘नाही’ असं लिहा. एका सूचकात पाचापैकी एकापेक्षा जास्त गावं ‘नाही’ असतील तर तो सूचक काढून टाका. तालुक्याची सरासरी भरून वेळ मारून नेणं फार चालतं, पण त्याने सगळ्यात दुर्लक्षित गाव सरासरी गाव होऊन बसतं.

## टप्पा ५: सगळं एका मापावर आणा

मीटर, किलो, दिवस आणि टक्के यांची बेरीज होत नाही. म्हणून प्रत्येक सूचक ० ते १०० मध्ये बसवायचा. किमान-कमाल पद्धत सोपी आहे, पण कुठलं किमान आणि कुठलं कमाल यात मेख आहे.

समजा ‘वर्षात टँकर किती दिवस’ हा सूचक आहे आणि तुमच्या गावात ३६ दिवस. यादीतलं सर्वांत वाईट गाव ४५ दिवसांचं, सर्वांत चांगलं शून्याचं. गुण = (४५ − ३६) ÷ ४५ × १०० = २०. पुढच्या वर्षी ते वाईट गाव १२० दिवसांवर गेलं आणि तुमचं ३६ वरच राहिलं. आता गुण = (१२० − ३६) ÷ १२० × १०० = ७०. गावात एक थेंब वाढला नाही, आणि सरपंच पेढे वाटतायत.

उपाय म्हणजे दोन टोकं यादीवरून न घेता बाहेरून ठरवून कायमची पक्की करायची. मानव विकास निर्देशांकात आयुर्मानाची टोकं २० आणि ८५ वर्षं अशी पक्की आहेत, ती यासाठीच. टँकरसाठी ० आणि ९० दिवस धरा. ३६ दिवसांना दरवर्षी ६० गुण. ९० च्या पुढे कितीही गेलं तरी शून्य.

मान्यताप्राप्त मर्यादा असेल तर तीच वापरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (१०५००) क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. २५० च्या आत पूर्ण १०० गुण, १००० ला शून्य. ४०० आलं तर (१००० − ४००) ÷ ७५० × १०० = ८०. ५० आणि २०० मिलिग्रॅममध्ये गुणांचा फरक करायचं कारण नाही, माणसाला तो कळतही नाही.

एखाद्या रकान्यात एकच राक्षस असतो. मिरकरवाड्यासारखं मोठं बंदर आणि दहा होड्यांची वाडी एकत्र आली की बाकी सगळ्यांचे गुण शून्य ते तीनमध्ये चेंगरतात. तिथे आधी आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घ्या, म्हणजे मोठी अंतरं आकसतात, मग मापावर आणा. किंवा बंदरं वेगळी काढा, मला हे जास्त पटतं.

तपासा: मापावर आणल्यावर प्रत्येक रकान्यातलं सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट गाव मोठ्याने वाचा. गावातला माणूस हसला तर बाण उलटा आहे.

## टप्पा ६: जुळे शोधा, मग वेटेज द्या

प्रत्येक दोन रकान्यांमधला सहसंबंध काढा, म्हणजे ते किती एकत्र हलतात ते; १ आला तर पूर्ण एकत्र. एक्सेलमध्ये त्यासाठी CORREL हे सूत्र आहे, डेटा ॲनालिसिसमधला तयार कोष्टकाचा पर्यायही आहे. शौचालय, पक्कं घर आणि गॅसजोडणी हे बहुधा एकत्रच हलतात. ०.८ च्या पुढे गेलेली जोडी एकाच घटकात असेल तर एक सूचक काढा, नाहीतर एकाच गोष्टीला दुप्पट वेटेज जातं आणि ते कागदावर कुठेच दिसत नाही.

वेटेज देण्यासाठी माझी पद्धत चिंचोक्यांची. चार वाट्या मांडायच्या, पाणी, समुद्र, जमीन, माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात शंभर चिंचोके. ज्याला जे महत्त्वाचं वाटतं तिथे तितके टाकायचे. मग सगळ्यांची सरासरी. इथली चूक गणिताची नसते, बोलावण्याची असते. सभा दुपारी चारला ठेवली तर मासळी विकणाऱ्या बायका बंदरावर असतात आणि वाट्या बागायतदार भरतात. एका गावी दोन वेळा खेळ घेतला, तेव्हा पाण्याची वाटी पहिल्यांदा निम्मीच भरली होती. दुसऱ्या वेळी पाणी भरणाऱ्याच जास्त होत्या.

मुख्य घटक विश्लेषणाने वेटेज काढायचा मोह पदव्युत्तर मुलांना फार होतो. तीस गावांवर तो करू नका. ती पद्धत कुठल्या सूचकात फरक जास्त आहे ते सांगते, कुठला महत्त्वाचा आहे ते नाही.

वेटेज हा कायम वादाचा विषय, तो टळत नाही. २०२२ च्या पर्यावरण कामगिरी निर्देशांकात भारत १८० देशांत शेवटचा आला, तेव्हा केंद्र सरकारने आक्षेप घेतला तो सूचकांच्या निवडीवर आणि वेटेजवरच. तुमच्यावरही घेतला जाईल. तेव्हा चिंचोक्यांची मूळ मोजणी, तारीख आणि हजेरी जपून ठेवा.

## टप्पा ७: एकत्र करा

बहुतेकजण इथे साधी सरासरी काढून मोकळे होतात. समजा, समान वेटेजने दोन गावं अशी आहेत:

गाव अ: पाणी १०, समुद्र ९०, जमीन ८०, माणसं ८०. सरासरी ६५.

गाव ब: पाणी ६५, समुद्र ६२, जमीन ६०, माणसं ६५. सरासरी ६३.

साध्या सरासरीत अ पुढे. त्या गावात प्यायला पाणी नाही, पण मासळी आणि आंब्याने ते झाकून टाकलं. आता चारही गुणांचा गुणाकार करून चौथं मूळ काढा, म्हणजे गुणोत्तर मध्य. अ चा येतो ४९, ब चा ६३. कोरडी विहीर आता लपत नाही. मानव विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये साधी सरासरी सोडून गुणोत्तर मध्य घेतला, कारण हेच: एका घटकातली उणीव दुसऱ्यातल्या भरभराटीने पुसली जाऊ नये.

माझा नियम: घटकाच्या आत साधी सरासरी, घटकांमध्ये गुणोत्तर मध्य. वेटेज वेगवेगळं असेल तर ते घातांकात जातं, गुणाकारात नाही.

सावधान: एका घटकाला शून्य मिळालं की पूर्ण गुणाकार शून्य होतो. म्हणून घटकाचे गुण १ च्या खाली जाऊ देऊ नका. हा नियमही आधीच वहीत हवा.

## टप्पा ८: हलवून पाहा

हा टप्पा बहुतेक अहवालांत नसतोच. मूळ तक्त्याच्या वीस-बावीस प्रती करा. प्रत्येक प्रतीत एकच गोष्ट बदला: एकेक सूचक वगळा, समान वेटेज द्या, पाण्याचं वेटेज दहाने वाढवा, मग कमी करा, गुणोत्तर मध्याऐवजी साधी सरासरी घ्या. प्रत्येक वेळी गावाचा क्रमांक टिपा.

एखादं गाव सगळ्या प्रतींत २६ ते २९ मध्येच राहिलं तर ते खरोखर तळाशी आहे, निधी तिकडे बिनधास्त वळवा. एखादं ४ ते १७ असं फिरत असेल तर त्याला सातवा क्रमांक देण्यात अर्थ नाही. आणि एकच सूचक काढल्यावर अर्धी यादी उलटली, तर तो सूचक तिसऱ्या टप्प्यावर परत न्या. बहुधा त्याचा बाण, छेद किंवा महिना चुकलेला सापडेल.

## टप्पा ९: मांडणी आणि परत फेरी

क्रमांक छापू नका, गट छापा: तातडीचं, सावध, ठीक. मात्र गटाशेजारी चारही घटकांचे गुण वेगळे हवेतच, कारण ‘तातडीचं’ एवढं कळून ग्रामसेवकाला काही करता येत नाही, ‘पाणी ११’ कळलं तर येतं.

छापण्याआधी तक्ता घेऊन तीन गावांत परत जा, प्रत्येक गटातलं एक. तक्ता भिंतीवर लावा आणि गप्प बसा. हरकत आली की ती कुठल्या टप्प्याची ते ओळखा. ‘आमची विहीर एवढी वाईट नाही’ ही मोजणीची हरकत, जाऊन पुन्हा मोजा. ‘मासळीला एवढे गुण कशाला’ ही वेटेजची, चिंचोक्यांची वही दाखवा. ‘आमचं गाव खाली का’ ही हरकत नाही, चहा घ्या.

निघण्याआधी प्रत्येक विहिरीच्या कठड्याखाली, जमिनीच्या पातळीला, तेलरंगाने लाल खूण करा. टेप दरवर्षी त्या खुणेपासूनच लागणार. खुणेचा फोटो त्या सूचकाच्या पानावर चिकटवा आणि खाली विहिरीच्या मालकाचं नाही, वाडीचं नाव लिहा. मालक मुंबईला जातो, वाडी तिथेच असते.